वेळापत्रकातला न्याय

शिक्षणातल्या अन्यायाची चर्चा निघाली की आपल्याकडे प्रवेश, फी, शिष्यवृत्ती, राखीव जागा आणि अभ्यासक्रम यांवर बोलले जाते. बोलले जायलाच हवे. नोव्हेंबर २००६मध्ये न्या. राजिंदर सच्चर समितीचा अहवाल आला. वीस वर्षांवरील मुस्लिमांत पदवी किंवा पदविका घेतलेले चार टक्क्यांहूनही कमी आहेत आणि एकूण लोकसंख्येत हेच प्रमाण सात टक्क्यांच्या आसपास आहे, असे त्यात नोंदले होते. तेव्हापासून आपले सारे लक्ष महाविद्यालयाच्या दाराकडे लागले. दारातून किती मुले आत गेली, हे आपण मोजू लागलो. परंतु आत गेलेली मुले वर्गात बसू शकतात का, त्यांना शिकविणारे प्राध्यापक आपल्या तासाला नीट उभे राहू शकतात का, हे ठरविणारा एक साधा कागद सूचना फलकावर लावलेला असतो. त्याच्याकडे आपण पाहत नाही. तो कागद म्हणजे वेळापत्रक.

वेळापत्रक कोणी कोणाच्या विरोधात करीत नाही. खोल्या किती, प्राध्यापक किती, प्रयोगशाळा कधी मोकळी, एवढाच हिशेब घालून ते तयार होते. म्हणून ते निष्पक्ष असते, असा सर्वांचा समज आहे. इतिहास मात्र काही वेगळेच सांगतो. प्रत्येक वेळापत्रक कोणाला तरी डोळ्यांसमोर ठेवून झालेले असते. जो डोळ्यांसमोर होता त्याला ते जाणवतही नाही. जो नव्हता त्याचा बाक रिकामा राहतो आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे गैरहजेरी लागते. या लेखात आम्हांला या रिकाम्या बाकाचा थोडा इतिहास पाहायचा आहे, आणि त्यावरून आजच्या वेळापत्रकाची न्याय्यता कशी तपासता येईल, याचाही विचार करायचा आहे.

घड्याळ कोणाचे, वार कोणाचा?

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ची. त्याचा राजाबाई टॉवर १८६९ ते १८७८ या काळात बांधला गेला. प्रेमचंद रायचंद यांनी देणगी दिली आणि आईचे नाव मनोऱ्याला दिले. या मनोऱ्यावरचे घड्याळ कोणती वेळ दाखवणार, यावरही एकदा वाद झाला होता, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. मुंबईची स्थानिक वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती, तर मद्रासची ५ तास २१ मिनिटे पुढे. १८८१मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजासाठी मद्रासची वेळ लागू केली. मुंबईकरांनी विरोध केला आणि हा वाद विद्यापीठाच्या घड्याळापर्यंत जाऊन पोचला. पुढे १ जानेवारी १९०६पासून भारतीय प्रमाण वेळ आली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा ३९ मिनिटे पुढे होती. गिरणी कामगार चिडले, सभा झाल्या. मुंबई महापालिकेने तर आपली जुनी मुंबई वेळ १९५५पर्यंत सोडली नाही. सूर्य तोच होता. पण किती वाजले हे कोणी ठरवायचे, हा प्रश्न लोकांना महत्त्वाचा वाटत होता.

वाराचेही तसेच आहे. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाला गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत. हे लोक तेल काढण्याचा धंदा करीत आणि शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. गावाला हे माहीत होते, गावाने ते स्वीकारले होते. शनिवारी तेल मिळणार नाही म्हणून कोणी आदल्या दिवशी नेत असेल, कोणी दुसऱ्या दिवशी. ज्याने त्याने आपला व्यवहार थोडा सरकवला. कोणतेही परिपत्रक न निघता झालेली ही तडजोड आम्हांला आजच्या अनेक परिपत्रकांपेक्षा शहाणपणाची वाटते.

रविवारची सुट्टी ही इंग्रजांची देणगी, असेही सर्रास म्हटले जाते. इंग्रजी कचेऱ्यांना रविवार होता हे खरे; गिरणी कामगाराला मात्र तो नव्हता. तो आठवड्याचे सातही दिवस राबत होता. महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४पासून कामगारांच्या सभा घेऊन ही मागणी लावून धरली, तेव्हा कुठे १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. महाराष्ट्रातल्या बहुजन समाजाला तो खंडोबाचा वार म्हणून जवळचा होताच. म्हणजे आज आपण ‘नैसर्गिक’ समजतो तो रविवारसुद्धा कोणीतरी मागून, भांडून मिळविलेला आहे.

या इतिहासाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडायला हवी. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी असे. उस्मानिया विद्यापीठाचे फर्मान १९१७मध्ये निघाले. तिथे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाऊ लागले. देशी भाषेतून आधुनिक ज्ञान देण्याचा तो एक मोठा प्रयोग होता आणि त्याचा अभिमान बाळगण्यात गैर काही नाही. परंतु त्या राज्यातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलणारी होती. परभणीच्या किंवा बीडच्या मराठी मुलासाठी भाषाही परकी आणि वारही परका. त्या काळी राज्यकर्त्यांच्या धर्माचे असलेल्यांना शुक्रवारची सुट्टी अगदी सहज, स्वाभाविक वाटत असणार. सत्ता ज्याच्याकडे असते त्याला आपला वार दिसत नाही, दुसऱ्याचाच दिसतो. हा दोष कोणा एका धर्माचा नव्हे, सत्तेचा आहे. हे मान्य केल्याशिवाय आज आपल्याला न्यायाची भाषा बोलण्याचा अधिकार पोचत नाही.

विद्यार्थ्याकडे पाहून केलेले वेळापत्रक

महाराष्ट्राने या बाबतीत एक चांगला धडाही घालून दिला आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबणारा माणूस दिवसा शाळेत येणार नाही, हे त्यांना शिक्षणशास्त्राच्या ग्रंथातून समजले नव्हते. ते त्यांनी माणसाकडे पाहून ओळखले होते.

शंभरेक वर्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तेच सूत्र विद्यापीठीय शिक्षणात आणले. १९४५मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. वर्ग सकाळी भरत. कचेरीत कारकुनी करणारा, दुकानात हिशेब लिहिणारा तरुण सकाळी तास करून दहा-अकराच्या सुमारास कामावर जाऊ शके. या एका निर्णयामुळे किती घरांत पहिला पदवीधर झाला असेल! त्यात दलित होते, तसेच इतर गरीब समाजांतले नोकरदार विद्यार्थीही होते. एका समाजाची अडचण ओळखून केलेली सोय सर्वांच्याच उपयोगी पडली.

बाबासाहेबांनी इथे विद्यार्थ्याला सवलत दिली नाही, हे आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. हजेरी माफ केली नाही, उत्तीर्ण होण्याचे गुण कमी केले नाहीत. फक्त घंटा वाजायची वेळ बदलली. दर्जा तोच ठेवून संधी वाढवता येते, याचा याहून सोपा पुरावा नाही. वेळापत्रकात बदल मागितला की लगेच ‘लाड’, ‘अनुनय’ असे शब्द वापरणाऱ्यांनी सिद्धार्थ महाविद्यालयाचा इतिहास वाचायला हवा.

विलायतेतला वाद

आपल्या विद्यापीठांची घडण इंग्रजी नमुन्यावर झाली. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तिन्ही विद्यापीठांपुढे लंडन विद्यापीठाचा आदर्श होता. सत्रे, परीक्षा, तासांची विभागणी ही सारी चौकट तिकडून आली. म्हणून त्या देशात हा प्रश्न कसा सुटत गेला, हे पाहणे उपयोगी आहे.

ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि डरहॅम या विद्यापीठांत अँग्लिकन पंथाबाहेरच्यांना जवळजवळ सर्व पदव्या आणि पदे खुली झाली ती १८७१च्या कायद्याने. दार उघडले, घड्याळ तेच राहिले. ऑक्सफर्डच्या सत्रांची नावे आजही मायकलमस, हिलरी आणि ट्रिनिटी अशी ख्रिस्ती सणांवरून व संतांवरून आहेत. त्यात कोणाचा द्वेष नाही, परंपरा आहे. ब्रिटिश विद्यापीठांत आणखी एक परंपरा आहे. बुधवारी दुपारनंतर शक्यतो तास ठेवत नाहीत, कारण ती वेळ मैदानी खेळांसाठी राखलेली असते. विद्यापीठांचे आपसांतले सामनेही बुधवारी होतात. म्हणजे आठवड्याची एक अख्खी दुपार मोकळी ठेवणे अशक्य नाही, हे ती विद्यापीठे वर्षानुवर्षे दाखवीत आली आहेत. मग शुक्रवारच्या एका तासाची गोष्ट निघाली की ‘खोल्या कमी आहेत’ हे उत्तर अपुरे पडते. खोल्या खरोखरच कमी असतात. पण कोणासाठी कमी आणि कोणासाठी पुरेशा, हे आधीच ठरलेले असते.

या प्रश्नावरचा सर्वांत गाजलेला खटला विद्यापीठातला नाही, शाळेतला आहे. ‘अहमद विरुद्ध इनर लंडन एज्युकेशन ऑथॉरिटी’ या नावाने कायद्याच्या पुस्तकांत तो आढळतो. पूर्णवेळ नोकरी करणारे एक मुस्लिम शिक्षक जुम्याच्या नमाजला जात. परत येईपर्यंत दुपारच्या शाळेची सुमारे पाऊण तास वेळ निघून गेलेली असे. शिक्षण खात्याने त्यांच्यापुढे आठवड्याला साडेचार दिवसांची, कमी पगाराची नोकरी ठेवली. त्यांनी ती नाकारली, राजीनामा दिला आणि न्यायालयात गेले. १९४४च्या इंग्लंडच्या शिक्षण कायद्यात कलम होते की धार्मिक उपासनेला जाण्याच्या कारणावरून शिक्षकाचे वेतन कमी होता कामा नये. १९७७मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने निकाल त्यांच्या विरोधात दिला. लॉर्ड डेनिंग यांच्या मते त्या कलमात ‘शाळेच्या वेळापत्रकात बसत असेल तर’ ही अट गृहीत धरायला हवी होती. न्या. स्कारमन यांनी मात्र वेगळे मत दिले. १९४४नंतर समाज बदलला आहे, इंग्लंड आता अनेक धर्मांचा देश आहे, म्हणून कायद्याचा अर्थही व्यापक लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९८१मध्ये युरोपीय मानवी हक्क आयोगानेही तक्रार दाखल करून घेतली नाही.

त्या शिक्षकांची बाजू पूर्ण बरोबर होती, असा आमचा आग्रह नाही. पूर्णवेळ पगार घेणाऱ्याने पूर्ण वेळ काम करावे, यात तथ्य आहे. मुलांचा तास बुडणे हेही नुकसानच. परंतु निकालातली ती एक अट पुन्हा वाचण्यासारखी आहे. कायद्याने हक्क दिला आणि वेळापत्रकाने तो अडवला. वास्तविक वेळापत्रक कायद्याच्या चौकटीत बसायला हवे होते. इथे कायदाच वेळापत्रकाच्या चौकटीत बसविला गेला. शुक्रवारचा तो तास दुसऱ्या दिवशी घेता आला असता का, एवढा साधा प्रश्न मागेच राहिला.

त्याच सुमारास युरोपीय न्यायालयापुढे एक परीक्षेचा खटला आला होता. एका ज्यू महिलेने युरोपीय संस्थेतल्या पदासाठी अर्ज केला. लेखी परीक्षा १६ मे १९७५ रोजी ठरली आणि तो त्यांच्या शावुओत सणाचा दिवस निघाला. त्या दिवशी लिहिणे त्यांच्या धर्माला मान्य नव्हते. ऑक्टोबर १९७६मध्ये न्यायालयाने त्यांचा दावा फेटाळला, कारण त्यांनी अडचण फार उशिरा कळविली होती; इतर उमेदवारांना तारीख आधीच गेलेली होती. पण न्यायालयाने तत्त्व सांगितले ते असे : उमेदवाराने वेळेत कळविले तर संस्थेने त्याची दखल घेतली पाहिजे आणि अशा तारखा टाळण्याचा प्रयत्न केला पाहिजे. दोन्ही बाजूंना कर्तव्य वाटून देणारे हे तत्त्व आम्हांला योग्य वाटते. आपण वेळेत सांगायचे, संस्थेने वेळेत पाहायचे.

ब्रिटनमध्ये १९७६चा वंशभेदविरोधी कायदा आला. ज्यू आणि शीख हे वांशिक गट ठरल्याने त्यांना त्याचे संरक्षण मिळाले. मुस्लिम हा अनेक वंशांचा समाज असल्याने धर्म म्हणून त्यांना ते मिळेना. नोकरीत आणि उच्च शिक्षणात धर्मावरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध नियम लागू झाले ते डिसेंबर २००३मध्ये. त्यानंतर २०१०चा समानता कायदा आला. वय, अपंगत्व, लिंग, गरोदरपण व मातृत्व, वंश, धर्म वा श्रद्धा अशी नऊ कारणे त्याने एका छताखाली आणली. सरकारी विद्यापीठांसारख्या संस्थांवर एप्रिल २०११पासून कर्तव्य टाकले गेले की कोणताही नियम ठरविताना या सर्व घटकांवर त्याचा काय परिणाम होतो याचा विचार करावा. त्यामुळे अनेक विद्यापीठे आपल्या वेळापत्रकाच्या नियमांची समानतेच्या दृष्टीने तपासणी करू लागली.

कायद्यातला ‘अप्रत्यक्ष भेदभाव’ हा शब्द इथे समजून घेतला पाहिजे. नियम सर्वांना सारखाच लागू असतो. पण त्याचा फटका एका गटाला जास्त बसतो. संध्याकाळी सहाचा तास सर्वांना सारखाच. पण लहान मूल असलेल्या प्राध्यापिकेला तो सारखा नाही. लागोपाठचे दोन तास दोन टोकांच्या इमारतींत सर्वांना सारखेच. पण कुबडी घेऊन चालणाऱ्या विद्यार्थ्याला ते सारखे नाहीत. अशा वेळी संस्थेला दाखवून द्यावे लागते की नियमामागचा हेतू रास्त आहे आणि कमी त्रासाचा दुसरा मार्ग नव्हता.

२०१६मध्ये रमजान ६-७ जूनला सुरू झाला, म्हणजे ऐन परीक्षांच्या दिवसांत. तिथल्या शालान्त आणि उच्च माध्यमिक परीक्षा मंडळांनी, जास्त विद्यार्थी बसतात असे पेपर शक्य तितके रमजानपूर्वी किंवा सकाळच्या वेळी ठेवल्याचे सांगितले. परीक्षा रद्द झाली नाही, पुढे ढकलली गेली नाही. पेपरांचा क्रम विचारपूर्वक लावला गेला, इतकेच.

जुम्याचा एक तास

आता आपल्याकडे वळू. शुक्रवारविषयी आपल्या समाजातच एक गैरसमज आहे. जुमा हा ज्यूंच्या शनिवारासारखा काम बंद ठेवण्याचा दिवस नाही. अजान झाली की व्यवहार थांबवावा आणि नमाज झाली की पुन्हा रोजीच्या शोधात निघावे, अशी कुरआनाची शिकवण आहे. म्हणजे मागणी सुट्टीची नाही, फार तर तासाभराची आहे. संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२पासून शनिवार-रविवारची सुट्टी स्वीकारली आणि शुक्रवार अर्धा दिवस कामाचा ठेवला. लक्षद्वीपच्या शाळांतली शुक्रवारची सुट्टी डिसेंबर २०२१मध्ये बदलून रविवारी करण्यात आली, तेव्हा तिथे नाराजी उमटली. या दोन घटनांत वार सारखेच आहेत, फरक पद्धतीचा आहे. एका ठिकाणी नमाजची वेळ राखून बदल झाला. दुसऱ्या ठिकाणी ज्यांच्यासाठी सुट्टी होती त्यांना विचारलेच नाही, ही तक्रार होती.

थोडा हिशेब करू. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो वर्षभरात साधारण १२ वाजून २२ मिनिटे ते १२ वाजून ५३ मिनिटे या दरम्यान. नागपुरात त्याच्या पंचवीसेक मिनिटे आधी. त्यानंतर जोहरची वेळ सुरू होते आणि असरपर्यंत राहते. म्हणजे महाराष्ट्रात कुठेही, वर्षाच्या कोणत्याही शुक्रवारी, एक ते दोन या वेळात जुम्याची जमात होऊ शकते. महाविद्यालयाची मधली सुट्टी शुक्रवारपुरती याच तासात आणली तर कोणाचाही तास बुडत नाही. आणि इथे अर्धी जबाबदारी आपल्या मशिदींच्या विश्वस्तांची आहे. महाविद्यालयाजवळच्या मशिदीत खुत्बा सव्वा वाजता सुरू करून पावणेदोनला नमाज संपविता येते. वेळापत्रक बदला असे प्राचार्यांना सांगण्यापूर्वी, आपल्या मशिदीचे वेळापत्रक विद्यार्थ्यांकडे पाहून केले आहे का, हेही विचारायला हवे.

आणखी एक उदाहरण. २०१५मध्ये वैद्यकीय प्रवेशपरीक्षेत कॉपी रोखण्यासाठी पोशाखाचे कडक नियम आले. हिजाब वापरणाऱ्या दोन विद्यार्थिनी केरळ उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने त्यांना परवानगी दिली आणि अट घातली की त्यांनी अर्धा तास आधी यावे, म्हणजे महिला पर्यवेक्षकांना तपासणी करता येईल. परीक्षेची शिस्त टिकली, मुलींची श्रद्धाही टिकली. जो प्रश्न तत्त्वाचा वाटत होता तो अर्ध्या तासाचा निघाला.

रमजानचे गणित थोडे अवघड आहे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून रमजान दरवर्षी मागे सरकत सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतू फिरून येतो. २०००मध्ये तो नोव्हेंबरच्या शेवटी सुरू झाला, २०१९मध्ये मेमध्ये, २०२५मध्ये मार्चमध्ये. ईदची नेमकी तारीख चंद्र ठरवितो, हे खरे. पण कोणत्या दोन दिवसांपैकी एका दिवशी ईद येणार हे वर्षभर आधी सांगता येते. त्या दोन दिवसांत पेपर न ठेवणे परीक्षा विभागाला कठीण नाही. यासाठी जिल्ह्यातल्या एखाद्या संस्थेने विद्यापीठाला जूनमध्येच लेखी कळवावे. पेपरच्या आठ दिवस आधी निवेदन देऊन वर्तमानपत्रात छायाचित्र छापून आणणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

आपल्या घरातला हिशेब

इथपर्यंत वाचक आमच्याशी सहमत असतील. आता थोडे अवघड बोलायचे आहे.

समजा, एका महाविद्यालयात शास्त्र शाखेच्या वीस विद्यार्थ्यांच्या तुकडीचे प्रात्यक्षिक शुक्रवारी साडेबारा ते साडेतीन असे आहे. पाच मुलांना जुम्याला जायचे आहे. विनंती केल्यावर प्राचार्य प्रात्यक्षिक दोन ते पाच करतात. मुले खूश होतात. परंतु त्याच तुकडीत खेड्यातून एस.टी.ने येणाऱ्या सहा मुली आहेत. त्यांची गाडी साडेचारला सुटते. पुढची रात्री. त्यांतल्या दोन मुस्लिम आहेत आणि घरून त्यांना एवढेच सांगितलेले आहे की उशीर झाला तर कॉलेज बंद. पाच मुलांची नमाज साधली, दोन मुलींचे शिक्षण संपले. हा न्याय झाला का?

महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी स्त्रिया जुम्याला मशिदीत जात नाहीत. त्यामुळे शुक्रवारची लांब मधली सुट्टी त्यांच्या कामाची नसते. लांबलेला दिवस मात्र त्यांच्या वाट्याला येतो. आपल्या समाजाच्या संस्थांतही दुपारी दीड-दोन तासांची विश्रांती ठेवून संध्याकाळपर्यंत तास चालत असतील, तर त्याची किंमत कोण मोजते, हे विश्वस्तांनी एकदा विद्यार्थिनींना विचारावे. त्याच संस्थांत हिंदू, बौद्ध, ख्रिश्चन प्राध्यापक आणि विद्यार्थी असतात. अल्पसंख्याक संस्था चालविण्याचा हक्क संविधानाच्या तिसाव्या कलमाने आपल्याला दिला आहे. तो हक्क वापरताना आपल्या आवारातल्या अल्पसंख्याकांशी आपण कसे वागतो, हीच आपली परीक्षा आहे. मराठवाड्याचा जो इतिहास वर सांगितला, तो यासाठीच.

प्राध्यापकांमध्येही एक वर्ग आहे ज्याचा विचार कोणतेच वेळापत्रक करीत नाही. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्यांना तासाचे पैसे मिळतात, बसून राहण्याचे नाही. त्यांचा एक तास सकाळी आठला आणि दुसरा दुपारी दोनला ठेवला तर मधले पाच तास फुकट जातात. दुसऱ्या महाविद्यालयात जाऊन दोन पैसे मिळविण्याची वाटही बंद होते. कायम प्राध्यापक आपली सोय आधी पाहून घेतात, उरलेले तास यांच्या वाट्याला. यांत आपल्या समाजातले नेट-सेट झालेले, पीएच.डी. घेतलेले अनेक तरुण-तरुणी आहेत. त्यांचा प्रश्न जुम्याइतकाच न्यायाचा आहे.

अपंग विद्यार्थ्यांसाठी २०१६चा कायदा आहे आणि शिक्षणसंस्थांनी त्यांच्या गरजेनुसार वाजवी सोय करावी असे तो सांगतो. उताराचा रॅम्प बांधला की आपण समजतो काम झाले. पण लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर तास लावणारे वेळापत्रकच असते. खोली तळमजल्यावर बदलायला पैसे लागत नाहीत, फक्त आठवण लागते.

तपासणी कशी करावी?

वरच्या इतिहासातून आम्हांला तपासणीची एक साधी रीत दिसते. तिला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही.

पहिले, कागद फलकावर लागण्यापूर्वी विचारावे. प्रवेश अर्जासोबतच विद्यार्थ्याला चार प्रश्न विचारता येतील : नोकरी करता का, किती लांबून व कशाने येता, चालण्या-बसण्याची काही अडचण आहे का, उपासनेची ठरावीक वेळ आहे का. उत्तर देणे ऐच्छिक असावे. दुसरे, मोजावे. कोणत्या तासाला कोणाची गैरहजेरी जास्त, हे हजेरीपटात असते. पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम दाखवून विद्यार्थ्याला परीक्षेला बसू न देण्याआधी तो कोणत्या तासाला आला नाही, हे पाहावे. शिक्षा करण्यापूर्वी कारण शोधणे हा न्यायाचा पहिला नियम आहे.

तिसरे, प्रत्येक अडचणीवर किमान दोन पर्याय मांडावेत आणि प्रत्येक पर्यायाचा भार कोणावर पडतो, हे लिहून काढावे. वरच्या उदाहरणात तिसरा मार्ग होता : ही तुकडी सकाळच्या तुकडीशी बदलून घेणे. त्यात नमाजही साधते आणि गाडीही. अर्थात सकाळच्या तुकडीत नोकरी करणारे कोणी नाही ना, हे विचारल्यावरच. चौथे, ज्यांच्यासाठी बदल करायचा त्यांना आणि ज्यांच्यावर त्याचा परिणाम होईल त्यांना, दोघांनाही समितीत बसवावे. पाचवे, वर्षाने पुन्हा पाहावे.

आता अनेक ठिकाणी वेळापत्रक संगणक करतो. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यार्थी दुसऱ्या शाखेचे विषयही घेतात, त्यामुळे सर्वांना समान असे तास काढावे लागतात आणि हाताने हे जमवणे कठीण होत आहे. संगणकाला दोन प्रकारचे नियम द्यावे लागतात. एक मोडता न येणारे : एक प्राध्यापक एका वेळी दोन वर्गांत असू शकत नाही. दुसरे शक्य तेवढे पाळायचे. संगणक पक्षपात करीत नाही, असे म्हणतात. खरे आहे. पण त्याला जे सांगितले नाही तेही तो करीत नाही. तळमजल्याची गरज, साडेचारची गाडी, शुक्रवारचा एक ते दोन, या गोष्टी कोणी भरल्याच नाहीत तर त्या त्याच्या लेखी अस्तित्वात नसतात. जुना कारकून निदान ओळखीचा होता, त्याला गाठून सांगता येई.

सर्वांना सर्व काही देणारे वेळापत्रक कधीच होणार नाही. खोल्या मर्यादित, दिवस आठ तासांचा. कोणाला तरी नको असलेला तास घ्यावाच लागेल. न्याय इतकाच की तो नको असलेला तास दरवर्षी त्याच माणसाच्या वाट्याला येऊ नये आणि तो का आला याचे उत्तर त्याला मिळावे. लोखंड्यांनी रविवार मिळविला तो फक्त आपल्या जातीच्या कामगारांसाठी नव्हता. बाबासाहेबांनी सकाळचे कॉलेज काढले तिथे कोणाची जात-धर्म पाहून बाक मिळत नव्हता. आपण मागणी करू ती त्या परंपरेत बसणारी असावी. येत्या जूनमध्ये आपल्या गावच्या महाविद्यालयात निवेदन घेऊन जाताना त्यात शुक्रवारच्या तासाबरोबर साडेचारची गाडी, तळमजल्याची खोली आणि तासिका तत्त्वावरच्या सरांचे दोन तासही लिहा. एका समाजाचे गाऱ्हाणे म्हणून ते निवेदन मग कोणालाही बाजूला ठेवता येणार नाही.